कामठा कुठे मोडला, हे आधी पाहा

मागच्या वेळी आपण जुन्नरच्या बौद्ध लेण्यांबद्दल बोललो, तेव्हा मी मज्झिमनिकायातला एक दाखला दिला होता. विषारी बाण लागलेला माणूस म्हणतो, धनुष्य कसलं होतं, दोरी रुईच्या वाखाची की स्नायूची, हे कळल्याशिवाय बाण काढू देणार नाही. बुद्धांचं म्हणणं असं, की उत्तरं मिळेपर्यंत तो मरून जाईल.

व्याख्यान संपल्यावर आंबेगावच्या पश्चिमेकडचा एक मुलगा भेटला. म्हणाला, "सर, आजोबांचा कामठा चिरलाय. घरी दुरुस्त होईल का?" मला हसू आलं. कारण त्या जखमी माणसाचे प्रश्न इथे मात्र पहिल्यांदा विचारायला हवेत! लाकूड कोणतं? धामण की बांबू? आणि मोडलंय कुठे?

आता बघा, कामठा ओढला की काय होतं? आपल्याकडची बाजू, म्हणजे पोट, दाबली जाते. पलीकडची बाजू, म्हणजे पाठ, ताणली जाते. हा ताण लांबीच्या दिशेने जाणारे तंतू सोसतात. म्हणून चीर कोणत्या दिशेने गेली आहे, यावर सगळं अवलंबून आहे.

चीर तंतूंच्या बाजूने, उभी असेल तर तंतू तुटलेले नसतात, नुसते एकमेकांपासून सुटलेले असतात. अशी चीर घरी सांधता येते. दोरी उतरवा. फटीतली धूळ काढा. पातळ पात्याने फट जराशी उघडून दोन नळ्यांचं इपॉक्सी आतपर्यंत जाऊ द्या. मग दाबून बांधा आणि पूर्ण एक दिवस हात लावू नका. नंतर चिरेच्या दोन्ही टोकांपलीकडे दोन-दोन बोटं जाईल इतका मजबूत दोरा, वेढ्याला वेढा चिकटवून, गोंदात भिजवत घट्ट गुंडाळा. चीर पुढे पसरू नये, हे त्या दोऱ्याचं काम.

पण चीर पाठीवर आडवी असेल, तर तंतूच तुटले. गोंद दोन पृष्ठभाग धरून ठेवतो, पण तुटलेला तंतू पुन्हा अखंड करत नाही. वरून दोरा कितीही गुंडाळला तरी तो आडवा वेढा. लांबीचा ताण तो घेणार नाही. असा कामठा पूर्ण ओढलेला असताना तुटला, तर तुकडा तोंडावर, डोळ्यावर येतो. म्हणून इथे मी स्पष्ट सांगतो: दोरी चढवू नका.

उभी चीर सांधली तरी लगेच पूर्ण ओढायचं नाही. चेहरा बाजूला ठेवून आधी वीतभर ओढा, हळूच परत आणा, चीर तपासा. कुठे कट्‌कन आवाज आला की तिथेच थांबा. आणि बाण न लावता दोरी कधी सोडू नका. बाणाला मिळायची ती ताकद मग लाकडातच जिरते.

त्या मुलाच्या कामठ्याला पाठीवर आडवी चीर होती. त्याचा चेहरा पडला. मी म्हटलं, बाबा, गोंद लावून तो अखंड दिसेल, पण वाकून परत सरळ होणं हा ज्याचा धर्म, त्याला ते जमणार नसेल तर कामठा म्हणून तो संपला. आठवण म्हणून मात्र तो शाबूत आहे. तो भिंतीवर ठेव, आणि त्याचंच माप घेऊन गावातल्या जाणत्या माणसाकडून नवा करायला शीक. आजोबांनी हाताने केलेलं काम तसंच पुढे जाईल.

बरं, आता तुमचे प्रश्न घेऊ.