वळवणची बोटुकली

स्कॉटलंडच्या टे, स्पे, ट्वीड या नद्यांवर सॅमन आणि सी ट्राउट यांच्यामागे गळ घेऊन फिरलेले इंग्रज अधिकारी हिंदुस्थानात आले, तेव्हा त्या तोलामोलाचा मासा त्यांना महाशीरात सापडला. हेन्री सलिवन थॉमस यांनी १८७३ साली ‘द रॉड इन इंडिया’मध्ये महाशीर गळावर सॅमनपेक्षाही जास्त झुंजतो, असा कौल देऊन टाकला. आपल्या दख्खनच्या महाशीराची शास्त्रीय नोंद कर्नल साइक्स यांनी त्याआधीच, १८३९ मध्ये, केली होती. शौकिनांचा कौल बाजूला ठेवला तरी दोन माशांत खरे साम्य आहे. सॅमन समुद्रातून नदीत चढतो, महाशीर पावसाच्या लोंढ्याबरोबर खोल डोहातून वरच्या उथळ, खडकाळ पाण्याकडे निघतो. दोघांनाही अंडी घालायला गोटे आणि वाहते, स्वच्छ पाणी लागते. साहजिकच बंधारा दोघांचीही वाट अडवतो. त्यावर दोन्हीकडे शोधलेला उपायही एकच, अंडी माणसाने उबवायची. टे नदीकाठी स्टॉर्मंटफील्डला हा प्रयोग १८५३ मध्ये सुरू झाला. महाराष्ट्रात तो लोणावळ्याच्या वळवणला १९७० च्या सुमारास आला. या उपायाला सर्रास ‘संवर्धन’ म्हटले जाते. मासा वाढवणे आणि नदी राखणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि वळवणची कामगिरी पहिल्या खात्यात मांडली तरच तिचे नीट मोल होते.

ते मोल मुळीच कमी नाही. टाटांच्या वीजकंपनीने घाटमाथ्यावर धरणे बांधून पाणी खाली कोकणात वळवले. खोपोलीचे वीजघर १९१५ मध्ये सुरू झाले, आणि सेनापती बापटांनी ज्याविरुद्ध सत्याग्रह केला ते मुळशीचे धरणही याच साखळीतले. बुडालेल्या गावांबद्दल तेव्हा लोक लढले, माशाच्या अडलेल्या वाटेबद्दल कोणी बोलल्याचे दिसत नाही, आणि त्या काळात ते स्वाभाविकही होते. अर्ध्या शतकानंतर त्याच कंपनीच्या वळवण तलावाकाठी महाशीराचे बीज तयार होऊ लागले. त्यामागची विद्या डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांची. रोहू-कटल्याचे मत्स्यजिरे दिवसाच्या आत बाहेर पडते; महाशीराच्या अंड्याला तीन-चार दिवस लागतात, आणि पिल्लू त्यानंतरही बरेच दिवस तळाशी निपचित पडून राहते. मादीची अंडी संख्येने कमी, तीही एकदम पिकत नाहीत. पिकलेल्या मादीचे पोट हलके दाबून अंडी काढायची, त्यांवर नराचे वीर्य (मिल्ट) मिसळायचे, मग वाहत्या पाण्याच्या ट्रेमध्ये ती पसरून मेलेली रोज वेचून टाकायची. सॅमन-ट्राउटसाठी युरोपात रुळलेल्या रीतीशी हे काम फार जवळचे आहे, आणि तितकेच चिकाटीचे. यातून लाखो बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, तयार झाली आणि राज्याबाहेरही गेली.

अडचण तिथेच सुरू होते. कावेरीत मूळचा महाशीर वेगळा, पाठीला उंचवटा असलेला, केशरी परांचा, आकाराने अजस्र. १९४६ मध्ये कावेरीला मिळणाऱ्या काबिनी नदीत गळाला लागलेला मासा १२० पौंडांचा होता. १९७० च्या दशकापासून त्या खोऱ्यात लोणावळ्याचा निळ्या परांचा, म्हणजे दख्खनचा, महाशीर सोडला गेला, तोही शिकारी गळवाल्यांच्याच सदिच्छेने. १९९८ ते २०१२ या काळातल्या गळवाल्यांच्या नोंदी अभ्यासकांनी तपासल्या, तेव्हा एकूण मासे वाढलेले दिसले, पण ते निळ्या परांचे. उंचवट्याचा जवळजवळ दिसेनासा झाला होता. २०१८ मध्ये तो संकटग्रस्त प्रजातींच्या जागतिक लाल यादीत अतिसंकटग्रस्त ठरला, आणि त्याच सुमारास निळ्या परांचा महाशीर धोक्याच्या गटातून कमी चिंतेच्या गटात गेला. नुसती डोकी मोजली असती तर कावेरीत सगळे आबादीआबाद होते.

यावर म्हणता येईल, की कावेरीचा घोळ बीज सोडणाऱ्यांचा. भीमा-कृष्णेच्या खोऱ्यात तर निळ्या परांचा महाशीर घरचाच आहे. खरे आहे, आणि आपल्या खोऱ्यात त्याचे बीज सोडण्यास माझी हरकत नाही. पण घरच्या माशालाही चढायला नदी लागते. स्कॉटलंडचा अनुभव इथे बोलका आहे. तिथे उबवणीला दीडशेहून अधिक वर्षे झाली, पकडलेले दहातले नऊहून अधिक सॅमन परत पाण्यात सोडले जातात, तरी २०२३ मध्ये गळाला लागलेले सॅमन १९५२ पासूनच्या नोंदींत सर्वांत कमी होते. ब्रिटनमधल्याच वेल्सने तर २०१४ मध्ये नद्यांत सॅमनची पिल्ले सोडणेच थांबवायचे ठरवले. उलट महाडजवळ वाळण कोंडीत ना ट्रे आहेत ना टाक्या. वरदायिनी देवीच्या नावाने डोह राखला, मासा मारायचा नाही एवढाच नेम, आणि महाशीर तिथे भाविकांच्या हातचे खातो. एका डोहाने अख्खी नदी वाचत नाही, हेही कबूल. पण तिथला मासा त्याच पाण्याचा राहिला.

दुसरा आक्षेप पोटाचा आहे आणि तो जास्त वजनदार आहे. चिखली तालुक्यातल्या अमडापूरसारख्या गावाला महाशीराचे काय? बुलढाणा जिल्ह्यात उगम पावणारी पैनगंगा उन्हाळ्यात ठिकठिकाणी कोरडी पडते, आणि इथल्या तलावांतला भोई जगतो तो रोहू, कटला, मृगळ यांच्या बीजावर. हे तिन्ही मासे मूळचे उत्तरेतल्या नद्यांचे. म्हणजे परक्या खोऱ्याचा मासा आपण केव्हाच पानात वाढून घेतला आहे. त्यात काही वावगे नाही. तलावातले बीज हे पिकासारखे, सोडायचे, वाढवायचे, जाळ्याने काढून बाजारात न्यायचे. मच्छीमार सोसायटीला त्याचा हिशेब किलोत देता येतो आणि तो तसाच मागावा. मात्र उद्या पैनगंगेत महाशीर सोडण्याचा कार्यक्रम कोणी ठरवला, तर बोटुकली किती, या आकड्यावर टाळ्या वाजवू नयेत. बीज कोणत्या नदीच्या मादीचे, त्यात संकर आहे का, आणि मार्च महिन्यात त्या डोहात पाणी किती उरते, हे आधी विचारावे. वळवणला महाशीरांचे संकरही करून पाहिले गेले आहेत, म्हणून यातला दुसरा प्रश्न किरकोळ नाही. आणि तिसऱ्याचे उत्तर कोणत्याही उबवणी केंद्रात मिळत नाही.