पर्ज व्हॉल्व्ह बदलण्याआधी

एप्रिलच्या दुपारी नाशिक रोड स्टेशनबाहेर गाडी उन्हात उभी असली की टाकीतल्या पेट्रोलची वाफ होत राहते. ती हवेत जाऊ नये म्हणून कोळसा भरलेल्या कॅनिस्टरमध्ये अडवतात. इंजिन चालू होऊन तापलं की पर्ज व्हॉल्व्ह उघडतो आणि साठलेली वाफ इनटेकमधून इंजिनात जाऊन जळते. इग्निशन चालू असताना व्हॉल्व्हच्या एका तारेत १२ व्होल्ट असतात. दुसरी तार ईसीयू, म्हणजे इंजिनचा कंट्रोलर, भराभर अर्थला जोडतो आणि सोडतो. करंट मिळाला नाही तर व्हॉल्व्ह बंदच राहतो.

म्हणून तार तुटली तरी गाडी बहुधा नीट चालते, फक्त चेक इंजिनचा दिवा लागतो. स्कॅनरवर पी०४४३ किंवा पी०४४४ येतो. शॉर्ट असेल तर पी०४४५. हे कोड पूर्ण सर्किटबद्दल बोलतात, व्हॉल्व्ह हा त्यातला एक तुकडा. तरीही कोड दिसताच नवा व्हॉल्व्ह बसवला जातो, आणि गिऱ्हाइकाचे पैसे वाया जातात.

आधी व्हॉल्व्हचा कपलर काढून नीट बघा. इंजिन प्रेशरने धुतलं असेल तर आत पाणी शिरतं, पिना हिरव्या पडतात. सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी बरेच दिवस उभी राहिली असेल तर उंदरांनी कुरतडलेली वायरिंगही शोधा. बऱ्याच वेळा काम इथेच संपतं.

इथे काही सापडलं नाही, तर कपलर काढलेलाच ठेवून इग्निशन चालू करा आणि मल्टिमीटरने पुरवठ्याची पिन तपासा. बॅटरीइतके व्होल्ट नसतील तर फ्यूज आणि रिले बघा. असतील तर इग्निशन बंद करून व्हॉल्व्हच्या दोन पिनांमधला रेझिस्टन्स मोजा. अनेक गाड्यांत तो २० ते ३० ओहमच्या आसपास असतो. नेमका आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये मिळतो. मीटरने अनंत रेझिस्टन्स दाखवला तर कॉइल तुटली, शून्याजवळ आला तर शॉर्ट. शॉर्ट कॉइल ईसीयूमधलं ड्रायव्हर सर्किट जाळू शकते, म्हणून नवा व्हॉल्व्हही मोजूनच लावा.

कॉइल चांगली निघाली तर राहते ईसीयूकडे जाणारी तार. बॅटरीची निगेटिव्ह आणि ईसीयूचा कपलर काढून ती या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासा. तार अखंड आहे आणि बॉडीला कुठे लागतही नाही, अशी खात्री झाल्यावरच ईसीयूवर संशय घ्या. दुरुस्तीनंतर कोड पुसून इंजिन तापेपर्यंत चालवा. सर्किटमध्ये दोष उरला असेल तर तोच कोड पुन्हा येतो.