आईची बोटं आणि उघडं दार

लहानपणी रविवारची दुपार म्हणजे आईच्या मांडीत डोकं, हे ठरलेलं. हातात बारीक दातांची फणी, पुढ्यात पांढरं फडकं आणि "हलू नकोस गं" ही दटावणी. त्यामुळे वीसेक वर्षांपूर्वी रस्त्यावरून घेतलेल्या एका जुन्या पुस्तकात पीटर द होख या डच चित्रकाराचं चित्र दिसलं, तेव्हा ते कशाचं आहे हे मला खालचा मजकूर न वाचताच कळलं. बाई खुर्चीवर बसली आहे, मूल गुडघे टेकून तिच्या मांडीत डोकं ठेवून आहे आणि ती त्याच्या केसांतल्या उवा शोधते आहे.

सुमारे दोन फूट रुंदीचं हे तैलचित्र अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्यूझियममध्ये आहे. काळ साधारण १६६०. द होखचा जन्म १६२९चा, रॉटरडॅममधला. वडील गवंडी, आई सुईण. भिंती-फरश्या आणि लेकरं, दोन्ही त्यानं घरातच पाहिली असणार.

या चित्राला 'आईचं कर्तव्य' म्हणतात. पण त्या काळचे चित्रकार सहसा आपल्या चित्रांना नावं देत नसत. ती पुढे चिकटली. आणि नाव चिकटलं की अर्थही चिकटतो.

अर्थाला आधार नाही असं नव्हे. रूमर फिस्सर या डच लेखकाच्या १६१४ सालच्या बोधचित्रांच्या पुस्तकात फणीचं चित्र आहे आणि त्यासोबत एक लॅटिन वचन: ती स्वच्छ करते आणि सजवतेही. केस विंचरणं म्हणजे मनाचीही सफाई, असा त्याचा विस्तार होतो. एडी द योंग यांच्यासारख्या अभ्यासकांनी अशा पुस्तकांच्या मदतीनं डच चित्रांतला दडलेला उपदेश उलगडला. १९७६चं राइक्सम्यूझियममधलं प्रदर्शन त्याच दृष्टीतून उभं राहिलं. १९८३ साली स्वेतलाना आल्पर्स यांनी त्याला आव्हान दिलं: ही चित्रं आधी पाहण्याविषयी आहेत, जगाचं वर्णन करणं हाच त्यांचा हेतू आहे.

मी बरीच वर्षं पहिल्या पक्षात होते. एका लेखात तर या बाईला मी 'सद्‍गुणाची प्रतिमा' ठरवून मोकळी झाले होते. आज ते मला अपुरं वाटतं, आणि त्याला कारण चित्रातच आहे.

हेग शहरातल्या मॉरित्सहाउसमध्ये खेरार्ड टेर बोर्खचं याच विषयावरचं, थोडं आधीचं चित्र आहे. तिथे आई, मूल आणि फणी अगदी जवळून दिसतात. घर जवळजवळ नाहीच. द होख मात्र मागे सरकतो आणि सगळी खोली दाखवतो. भिंतीत बसवलेला, पडद्याचा पलंग. उजवीकडे पुढ्यात मुलाला शीला बसवायची छोटी लाकडी खुर्ची. डावीकडे दार, त्यापलीकडे दुसरी खोली आणि तिच्याही पलीकडे उन्हातली बाग. आपल्याकडे पाठ करून बसलेला कुत्रा त्या उजेडाकडे बघतो आहे.

नुसता उपदेशच करायचा तर एवढं ऊन कशाला हवं होतं? मला वाटतं, ते दार वेळ दाखवतं. बाहेर दिवस पुढे सरकतो आहे, कुत्र्याला बाहेर जायचं आहे, मुलालाही जायचं असेल. आणि ही बाई एकेक बट बाजूला करत बसली आहे. उपदेशाला एक ओळ पुरते, या कामाला अख्खी दुपार लागते.

घरातल्या अशा कामांची नोंद कुणी ठेवत नाही. 'कर्तव्य' म्हटलं की ती करणारीचं कौतुक होतं, पण तिचा वेळ मोजायचा राहून जातो. द होखनं तो मोजला.

आईची ती फणी अजून माझ्याकडे आहे. त्या दुपारी तिचं किती काम खोळंबत असेल, हे तिला विचारायचं मात्र राहून गेलं.