कागद कुजला, प्लास्टिक उरलं!

रद्दीची टोपली पाहिलीय का? नांदेड-लातूरकडच्या एखाद्या आजीला विचारा. रद्दी भिजवायची, भिजवलेली मेथी वाटून त्यात कुटायची आणि तो लगदा पालथ्या पातेल्यावर थापायचा. वाळला की झाली टोपली! कागदाच्या तंतूंनी बळ दिलं, मेथीच्या चिकानं त्यांना धरून ठेवलं. दोन पदार्थ असे एकमेकांच्या मदतीला आले, की शास्त्रज्ञ त्याला 'संमिश्र' म्हणतात.

आता मेथीऐवजी वितळलेलं पॉलिथिन घेतलं तर? तसंही करतात. रद्दीचा भुगा घातला की प्लास्टिक कमी लागतं, वस्तूही ताठ होते. पण कागद पाणी पितो आणि पॉलिथिन पाण्याला जवळ करत नाही, त्यामुळे दोघांचं जमत नाही. मग त्यांना सांधणारं रसायन घालावं लागतं. कागद आधी खडखडीत वाळवावा लागतो, नाहीतर वाफेचे बुडबुडे धरतात. उष्णता फार झाली तर तो करपतो.

अशी वस्तू मातीत कुजेल का? इथं फसू नका! कागद म्हणजे सेल्युलोज. ते बुरशी नि जिवाणूंचं खाद्य आहे. पॉलिथिन मात्र त्यांना जवळजवळ पचत नाही. कागद संपतो, प्लास्टिकचे बारीक कण शेतात तसेच राहतात. दिसेनासं होणं म्हणजे कुजणं नव्हे!

महाराष्ट्रात २०१८ साली प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तेव्हापासून 'कुजणाऱ्या' वस्तूंचा बोलबाला वाढला. वस्तू खरोखर कुजायची तर कागदाला धरून ठेवणारा पदार्थही कुजणारा हवा. उदाहरणार्थ, मक्याचं पिष्ट.

करून पाहा (गॅसजवळ मोठं माणूस हवंच) :
एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर, चार मोठे चमचे पाणी, एकेक छोटा चमचा व्हिनेगर व ग्लिसरीन आणि चमचाभर पिळलेला रद्दीचा लगदा एकत्र करा. मंद आचेवर ढवळत खळीसारखं घट्ट करा. ताटलीत पातळ पसरून दोन-तीन दिवस वाळवा.

त्याचा एक तुकडा एका कुंडीत पुरा, जुन्या प्लास्टिक पिशवीचा तेवढाच तुकडा दुसऱ्या कुंडीत. माती ओलसर ठेवा. दर रविवारी उकरून पाहा आणि वहीत तारखेसह नोंद करा.

आणि हो, 'ही वस्तू कुजते बरं का' असं कुणी म्हणालं, तर बेधडक विचारा, "काका, कागद कुजेल हो. पण त्याला धरून ठेवलंय कशानं?"