कापसात जपलेला कोळसा

पुरातत्त्व हे केवळ विद्यापीठांचे आणि शासकीय विभागांचे क्षेत्र होय, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः आपल्या राज्यातील अनेक प्राचीन स्थळांचा पहिला माग ज्यांनी काढला, त्यांचा तो पोटापाण्याचा व्यवसाय नव्हता. शिक्षक, वकील, अभियंते, शेतकरी अशी ही मंडळी. सुटीच्या दिवशी रानोमाळ हिंडणाऱ्या अशा हौशी संशोधकाजवळ चिकाटी असते, परिसराची ओळख असते, गावकऱ्यांचा विश्वासही असतो. नसते ती सापडलेल्या वस्तूचे वय किंवा घटक सांगणारी प्रयोगशाळा. ही उणीव भरून काढण्यासाठी ब्रिटनमध्ये लहान लहान अनुदाने देण्याची पद्धत रुजली आहे. तिची माहिती आपल्याकडील अभ्यासकांना उपयुक्त ठरावी.

काही वर्षांपूर्वी एका जिल्ह्याच्या गावी कामानिमित्त गेलो असता एका निवृत्त शिक्षकांच्या घरी जाण्याचा योग आला. माळ्यावरून त्यांनी खापरांनी भरलेल्या पिशव्या काढून दाखविल्या. प्रत्येक पिशवीत गावाचे नाव व तारीख लिहिलेली चिठ्ठी होती. शेवटी त्यांनी एक पत्र्याची डबी उघडली. आत कापसाच्या गादीवर सुपारीएवढा कोळशाचा तुकडा होता. ओढ्याचा काठ पुरात ढासळला, तेव्हा खाली पडलेल्या मातीतून तो त्यांनी उचलला होता. “याचे वय कळले, तर आमचे गाव किती जुने ते कळेल,” असे ते म्हणाले. बारा वर्षे ती डबी त्यांनी जपली होती. पुढे या विषयातील एका जाणकारांना ही हकिगत सांगितली, तेव्हा ते क्षणभर गप्पच राहिले.

असे का, हे समजण्यासाठी कार्बन कालमापनाची रीत थोडक्यात पाहिली पाहिजे. प्रत्येक सजीव हवेतून किंवा अन्नातून कार्बन घेत असतो. त्यात कार्बन-१४ या किरणोत्सारी प्रकाराचा अत्यल्प अंश असतो. जीव मेला, झाड तुटले की नवा पुरवठा थांबतो आणि आत असलेला कार्बन-१४ ठराविक गतीने घटू लागतो. सुमारे ५,७३० वर्षांत तो निम्मा होतो. उरलेला अंश मोजून गेलेला काळ काढता येतो. अमेरिकन शास्त्रज्ञ विलार्ड लिबी यांनी ही रीत १९४९ मध्ये जगापुढे मांडली व तिच्यासाठी त्यांना १९६० चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. सुमारे पन्नास हजार वर्षांपर्यंतचा काळ तिने मोजता येतो. पूर्वी त्यासाठी मूठभर कोळसा लागे. आता त्वरकयंत्राच्या साहाय्याने धान्याचा एक दाणाही पुरतो.

कापूस हाही वनस्पतीचाच भाग. त्याचा तंतू नमुन्यात मिसळला, तर जुन्या कार्बनमध्ये आजचा कार्बन मिसळतो. म्हणूनच असे नमुने कापसात वा कागदात न ठेवता ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यात गुंडाळण्याची प्रथा आहे. तंतू एक वेळ सूक्ष्मदर्शकाखाली वेचून काढता येतील. पण तो तुकडा काठाच्या कोणत्या थरातला, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. थर माहीत नसलेल्या कोळशाचे वय काढले, तर त्या लाकडाचे वय कळते, गावाचे नव्हे. शिवाय जुन्या वृक्षाच्या गाभ्याचे लाकूड जळण्यापूर्वीच कित्येक वर्षांचे असते. एका हंगामात पिकणारे धान्य म्हणूनच अधिक भरवशाचे. मास्तरांना पैशाइतकीच गरज होती ती वेळेवर मिळणाऱ्या सल्ल्याची.

ब्रिटिश अनुदानांचे खरे महत्त्व येथे ध्यानात येते. १९४४ मध्ये स्थापन झालेली ‘कौन्सिल फॉर ब्रिटिश आर्किऑलॉजी’ ही संस्था हौशी गटांना लहान रकमा देत आली आहे. दूरदर्शनवरील ‘टाइम टीम’ या कार्यक्रमामुळे घरोघरी पोहोचलेले पुरातत्त्वज्ञ मिक ॲस्टन २०१३ मध्ये निवर्तले; तिच्या एका निधीला त्यांचेच नाव आहे. ‘रॉयल आर्किऑलॉजिकल इन्स्टिट्यूट’चा टोनी क्लार्क यांच्या नावाचा निधी कालमापनासाठी साहाय्य देतो. ‘कम्युनिटी आर्किऑलॉजी रेडिओकार्बन डेटिंग फंड’ हा निधी तर याहून वेगळ्या रीतीने चालत आला. एक पुरातत्त्व-सेवा संस्था व स्कॉटलंडमधील विद्यापीठांची प्रयोगशाळा यांनी तो सुरू केला. त्यात रोख रकमेऐवजी चाचणीच विनामूल्य करून दिली जाते आणि सोबत तज्ज्ञांचे मार्गदर्शन मिळते.

रक्कम लहान असली, तरी अर्ज भरणे सोपे नसते. नमुना कोठून व कोणत्या थरातून घेतला? जागामालकाची संमती आहे काय? चाचणीतून नेमक्या कोणत्या प्रश्नाचे उत्तर मिळेल? निष्कर्ष कोठे प्रसिद्ध करणार? ही उत्तरे लिहिता लिहिताच उत्साही संग्राहकाचा अभ्यासक होतो, असे मला वाटते. अनुदान नाकारले गेले, तरी हा लाभ पदरात पडतोच.

आपल्या परंपरेतही याला जुळणारे उदाहरण आहे. गणिताचे प्राध्यापक असलेले दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर सूक्ष्मास्त्रे वेचीत हिंडत. त्यांनी हजारो आहत नाणी अचूक तराजूवर तोलली आणि वापरात झिजून घटलेल्या वजनावरून संख्याशास्त्राच्या आधारे त्यांचा क्रम लावला. त्यांचे काम तराजूने भागले. कार्बनचा अंश मोजण्यास मात्र अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा, लखनौची बिरबल साहनी संस्था किंवा दिल्लीतील आंतर-विद्यापीठीय त्वरक केंद्र अशा संस्थांकडेच वळावे लागते.

आणि प्रयोगशाळा गाठली, तरी थराचा प्रश्न पाठ सोडीत नाही. श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबाद येथे १९७४ मध्ये एका स्थानिक शेतकऱ्याला रथ, हत्ती, गेंडा व रेडा अशा चार धातुमूर्ती सापडल्या. त्यांचे एकत्रित वजन साठ किलोंहून अधिक भरले. काही विद्वानांनी त्या हडप्पा संस्कृतीच्या उत्तरकाळातील ठरविल्या. धातूच्या पृथक्करणात आर्सेनिकचे प्रमाण एक टक्क्याहून अधिक आढळले, तेव्हा डी. पी. अगरवाल यांनी त्या बऱ्याच नंतरच्या असाव्यात असे मत मांडले. मूर्ती शास्त्रीय उत्खननात, थराच्या नोंदीसह हाती आल्या असत्या, तर हा वाद इतका लांबला नसता.

कोकणातील कातळशिल्पांची अडचण याहून अवघड आहे. रत्नागिरीचे सुधीर रिसबूड व त्यांचे सहकारी यांनी सडे तुडवून ही शिल्पे प्रकाशात आणली आणि २०२२ मध्ये कोकण-गोव्यातील नऊ स्थळांचा समावेश युनेस्कोच्या संभाव्य यादीत झाला. त्यांत कशेळीचा अवाढव्य हत्ती आहे. पण जांभ्यात कोरलेल्या रेषेत कार्बन नाही. तिचे वय थेट सांगता येत नाही. आसपासच्या पुराव्यावरूनच तर्क करावा लागतो. दरम्यान चिऱ्याच्या खाणी आणि रस्ते सड्यांवर पसरत आहेत.

वाचकांनी एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. नमुना हवा म्हणून कोणी कुदळ हाती घेऊ नये. पुरातत्त्वीय उत्खनन शासनाच्या परवानगीनेच करावयाचे असते. १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाची पुरलेली वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक आहे. हौशी अभ्यासकाने पृष्ठभागावरची नोंद, छायाचित्र व नकाशा तयार करावा आणि राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजला कळवावे. तेथील तज्ज्ञांच्या हाताने घेतलेल्या नमुन्याच्या चाचणीचा खर्च एखादी नगरपालिका, सहकारी साखर कारखाना वा स्थानिक ज्ञानप्रसारक मंडळ सहज उचलू शकेल. शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या मांडवाला याहून अधिक खर्च होत असावा.

त्या शिक्षकांच्या वहीत ओढ्याचे वळण, जवळचा आंबा आणि काठात दिसणारा राखेचा करडा पट्टा यांचे पेन्सिलीने काढलेले चित्र आहे. पट्टा जमिनीपासून किती खोल, हेही त्यांनी वितींत मोजून लिहिले आहे. जाणकारांना मी ते पान दाखविले, तेव्हा त्यांनी डबीची चौकशी सोडून वहीची प्रत मागितली. पट्टा अजून काठात आहे. दर पावसाळ्यात थोडा थोडा ढासळतो.