लुसिया हॅरिसचा उदय

अमेरिकेतील स्त्रियांच्या बास्केटबॉलची हकीकत सांगताना आजच्या झगमगत्या क्रीडागारांपासून आरंभ करण्याचा मोह होतो. परंतु या खेळातील एका असामान्य खेळाडूचा उदय ज्यास नीट समजून घ्यावयाचा आहे, त्याने प्रथम मिसिसिपी राज्यातील क्लीव्हलंड या लहानशा गावी, डेल्टा स्टेट महाविद्यालयात 1933 साली काय घडले, ते ध्यानात घेतले पाहिजे. त्या वर्षी तेथील चालकांनी मुलींचा बास्केटबॉल संघ बरखास्त केला. कारण असे दिले, की हा खेळ स्त्रियांच्या प्रकृतीस झेपणारा नाही. मार्गारेट वेड ही त्या संघाची कर्णधार होती. तिने आणि तिच्या सोबतिणींनी रडत रडत आपले खेळाचे पोशाख जाळून टाकले.

ही समजूत एकट्या त्या चालकांची नव्हती. जेम्स नेस्मिथ यांनी 1891 मध्ये हा खेळ शोधून काढल्यावर पुढच्याच वर्षी सेंडा बेरेन्सन यांनी स्मिथ महाविद्यालयात तो मुलींना शिकवला खरा, पण मैदानाचे तीन भाग पाडून, आणि जिला जो भाग नेमून दिला असेल तिने तो ओलांडू नये अशा बंधनासह. या ना त्या रूपाने ही वहिवाट इतकी चिवट ठरली, की पाच जणींनी सबंध मैदानभर धावून खेळण्याची मुभा महाविद्यालयीन मुलींस मिळण्यासाठी 1971 साल उजाडावे लागले. त्यानंतरच्या वर्षी ‘टायटल नाइन’ या नावाने पुढे प्रसिद्ध झालेला कायदा मंजूर झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेस स्त्री-पुरुष असा भेद करता येणार नाही, ही त्याची मुख्य तरतूद; तिच्यात खेळाचा उल्लेखदेखील नव्हता, तथापि मुलींच्या संघांकडे पाठ फिरवणे त्यामुळे संस्थाचालकांस अवघड झाले. 1973 मध्ये डेल्टा स्टेटने आपला संघ पुन्हा उभारण्याचे ठरवले, तेव्हा ते काम तेथेच शारीरिक शिक्षण शिकवणाऱ्या, साठी गाठलेल्या वेडबाईंकडे आले. मध्ये चाळीस वर्षे गेली होती, आणि त्या काळात किती मुलींचे कौशल्य जन्मून तसेच विरून गेले, याचा हिशेब कोणत्याही दप्तरात सापडावयाचा नाही.

त्या असामान्य खेळाडूचा, लुसिया हॅरिसचा, जन्म 10 फेब्रुवारी 1955 रोजी मिसिसिपी राज्यातीलच मिंटर सिटी येथे, शेतावर राबणाऱ्या एका कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. अकरा भावंडांत ती दहावी. रात्री निजण्याची वेळ टळून गेल्यावर दूरदर्शनसंचाचा उजेड बाहेर दिसू नये म्हणून ती डोक्यावरून गोधडी ओढून घेई, आणि ऑस्कर रॉबर्टसनसारख्या खेळाडूंचे सामने त्या गोधडीच्या आडोशाने पाहत बसे. उंची वाढत वाढत सहा फूट तीन इंचांवर गेली, तेव्हा शाळेतल्या मुलांनी तिच्या उंचीची टवाळी केली. ती अल्कॉर्न येथील महाविद्यालयात जावयाची होती, पण तेथे मुलींचा संघच नव्हता. इतक्यात डेल्टा स्टेटचे बोलावणे आले, आणि ज्या संस्थेत थोड्याच वर्षांपूर्वीपर्यंत कृष्णवर्णीयांस प्रवेश नव्हता, तेथे वेडबाईंच्या संघातील एकमेव कृष्णवर्णीय खेळाडू म्हणून ती रुजू झाली.

तिच्या खेळात दिखाऊपणा नव्हता. चेंडू ज्यात टाकावयाचा त्या दहा फूट उंचीवरील कड्याच्या अगदी जवळ, कड्याकडे पाठ करून ती उभी राही. सोबतिणीने उंचावरून फेकलेला चेंडू दोन्ही हातांनी घट्ट धरी, जात्याची वरची तळी मधल्या खिळीभोवती फिरावी तशी एका पायावर वळे, आणि प्रतिस्पर्धी मुलगी अंगाला भिडलेली असतानाच फळीवर चेंडू टेकवून तो कड्यात उतरवी. समोरच्या संघाला हे सगळे आधी ठाऊक असे, आणि तरीही ते त्यांना अडवता येत नसे. शंभर प्रयत्नांत त्रेसष्टांच्या वर चेंडू कड्यात, हे प्रमाण तिने चार वर्षे राखले. एकूण गुण केले 2,981. 1975 मध्ये, सतत तीन वर्षे अजिंक्यपद मिळवणाऱ्या इमॅक्युलाटा महाविद्यालयास डेल्टा स्टेटने 90-81 असे हरवले, तेव्हा लुसियाचे गुण 32 होते; त्या मोसमात तिच्या संघाने एकही सामना गमावला नाही, आणि पुढील दोन वर्षेही अजिंक्यपद क्लीव्हलंडलाच राहिले. 1977 मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तिने एकटीने 47 गुण मिळवले.

मधल्या वर्षी, 1976 मध्ये, माँट्रियल येथे ऑलिंपिकमध्ये स्त्रियांचा बास्केटबॉल प्रथमच खेळला गेला. अमेरिकेचा पहिला सामना जपानविरुद्ध होता, आणि ऑलिंपिकच्या इतिहासातील स्त्रियांच्या बास्केटबॉलचे पहिले गुण लुसियाच्या हातून नोंदले गेले. तो सामना अमेरिका हरली. पुढे सात फूट उंचीच्या उल्याना सेम्योनोव्हाच्या सोव्हिएत संघापुढेही तिच्या संघाचे काही चालले नाही, पण रौप्यपदक मिळाले.

1977 मध्ये न्यू ऑर्लिन्स जॅझ या पुरुषांच्या व्यावसायिक संघाने खेळाडूंच्या वार्षिक निवडीत तिचे नाव पुकारले. तिने नकार दिला. त्या वेळी ती गरोदर होती. शिवाय आपण स्त्रियांविरुद्ध अव्वल असलो तरी पुरुषांच्या संघात टिकाव लागणे निराळे, हे ती स्पष्ट जाणून होती, आणि या निर्णयाची खंत तिने पुढेही कधी बाळगली नाही. मला हा नकार फार शहाणपणाचा वाटतो. त्या बोलावण्यात सन्मान होता हे खरे. पण अशा खेळाडूस पोटापाण्यासह खेळता येईल अशी स्त्रियांची एकही व्यावसायिक स्पर्धा त्या श्रीमंत देशात तेव्हा अस्तित्वात नव्हती, हे त्याहून मोठे सत्य आहे, आणि मला त्याचा राग येतो. 1978 मध्ये स्त्रियांची एक व्यावसायिक स्पर्धा निघाली. तिच्यात लुसिया ह्यूस्टनकडून एक मोसम खेळली, पण 1981 मध्ये ती स्पर्धाच मोडली. लुसिया नंतर आपल्याच जुन्या शाळेत मुलींना खेळ शिकवू लागली, आणि आपल्याला जडलेल्या मानसिक व्याधीविषयीही ती उघडपणे बोलली. 1992 मध्ये नेस्मिथ यांच्या नावाच्या कीर्तिमंदिरात तिचा समावेश झाला. तो मान मिळालेली ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. आज चालू असलेली स्त्रियांची राष्ट्रीय व्यावसायिक स्पर्धा, डब्ल्यूएनबीए, 1997 मध्ये सुरू झाली, तेव्हा लुसिया हॅरिसचे वय बेचाळीस वर्षांचे होते.