कॉमिक्सची सुरुवात ‘भीमायन’पासून करा!

‘कॉमिक्स म्हणजे सुपरहिरोंच्या मारामाऱ्या’ असं कुणी म्हणालं की मी लगेच ‘भीमायन’ सुचवतो. २०११मध्ये नवयान प्रकाशनाने इंग्रजीत काढलेलं हे पुस्तक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यातले प्रसंग सांगतं. लेखन श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचं, चित्रं दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड दाम्पत्याची.

📖 काय आहे?
पाणी, निवारा आणि प्रवास असे तीन भाग. शाळेतली तहान, महाडचा सत्याग्रह, बडोद्यात न मिळालेली जागा, चाळीसगावचा टांगा. बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलेल्या आठवणींचा मोठा आधार आहे.

🎨 वेगळं काय?
नेहमीच्या चौकटी इथे नाहीत. गोंड घरांच्या भिंतींवरच्या ‘डिगना’ नक्षीची वळणं पानाचे भाग पाडतात, त्यामुळे चित्रं मोकळा श्वास घेतात. संवादाचे फुगे तर नीट बघाच! सौम्य बोलणं पक्ष्याच्या आकारात येतं, जातीचं विष ओकणाऱ्या शब्दांना विंचवाची नांगी असते. कोण कसं बोलतंय, हे वाचण्याआधीच कळतं.

👀 कसं वाचाल?
आधी फक्त चित्रं बघत शेवटपर्यंत जा, मग मजकुरासह वाचा. प्राणी, झाडं, पाणी कुठे कुठे येतात ते शोधा. मुलांसोबत वाचलंत तर प्रश्न येतील. उत्तरं टाळू नका.

📚 यानंतर?
आर्ट स्पीगलमनचं ‘माउस’ (१९९२चा विशेष पुलित्झर) आणि मर्जान सत्रापीचं ‘पर्सेपोलिस’.

तुम्ही कुठलं कॉमिक सुचवाल?